यादीबाहेरचा शब्द

“परत आलं,” प्राची म्हणाली.

जयमालाबाई खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. हातातली शेंग तशीच धरून त्यांनी दाराकडे पाहिलं. “कोन आलं व?”

“कोणी नाही. आपलं पॅकेज परत आलं. घेतलंच नाही त्यांनी.”

“पत्ता चुकला असन.”

प्राचीला हसू आलं. लॅपटॉप उचलून ती आईच्या शेजारी फरशीवर येऊन बसली. पडद्यावर लाल अक्षरांत इंग्रजी ओळ होती. एकतीस वर्षं औषधांच्या बाटल्यांवरची नावं वाचण्यात गेलेली असल्यामुळे जयमालाबाईंना इंग्रजी अक्षर परकं नव्हतं. त्यांनी चष्मा नाकावर सरकवून ओळ सावकाश वाचली आणि मधल्या एका शब्दावर बोट ठेवलं.

“हे तं वऱ्हाडी लिवलं हाय.”

“तेच तर. त्यावरच अडलं. हे लेबल आमच्या ओळखीचं नाही म्हणतात.”

पॅकेज म्हणजे जयमालाबाईंच्या वह्या. चिखली तालुक्यातल्या आरोग्य केंद्रांवर त्या नर्स होत्या, गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. नोकरीच्या शेवटच्या पंधरा वर्षांत त्यांनी चार जाड वह्या भरल्या होत्या. डाव्या पानावर दुखणेकऱ्याने वापरलेला शब्द, उजव्या पानावर त्याचा अर्थ, कोण कधी म्हणालं, आणि पुढे काय निघालं. आंगात कसर हाय, म्हणजे बारीक ताप. पोटात गोया येते. डोयापुढं अंधारी. ठनक, चमक, मुंग्या, भोवंड. घरातल्या सगळ्यांना हा बाईंचा नाद वाटायचा, कोणी जुनी नाणी जमवतं तसा. त्यांचे यजमान होते तेव्हा तेही म्हणायचे, शाळेत मास्तरीण व्हायची ती चुकून दवाखान्यात गेली.

प्राची पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. घरून काम करायची महिनाभराची सवलत घेऊन ती चिखलीला आली, आणि आईच्या वह्या एकदा उघडल्यावर तिला त्या मिटवेनात. शनिवार-रविवार बसून तिने अकराशे चाळीस शब्द टाइप केले आणि त्यांच्याभोवती एक छोटा प्रोग्राम लिहिला. दुखणेकऱ्याचं वाक्य जसंच्या तसं त्यात घातलं की डॉक्टरला त्याचा अर्थ दिसायचा, आणि पुढे कोणते प्रश्न विचारायचे तेही. तिचा कॉलेजातला मित्र नागसेन खेड्यापाड्यांत फिरणाऱ्या एका दवाखाना-गाडीसाठी नोंदणीचं सॉफ्टवेअर करत होता. त्या गाडीवरचे डॉक्टर बहुतेक बाहेरगावचे. “भांडारात टाक, तिथून मी उचलतो,” असं त्याने सांगितलं होतं.

भांडार म्हणजे इंटरनेटवरची सार्वजनिक जागा. जगभरचे प्रोग्रामर आपापली पॅकेजेस तिथे ठेवतात, कोणीही ती फुकट घेऊ शकतं. ठेवताना त्यांना लेबलं लावायची असतात: हे कोणासाठी, कोणत्या विषयाचं, कोणत्या भाषेचं. पण लेबल मनाचं चालत नाही. भांडाराची ठरलेली यादी आहे, त्यातलंच अक्षरन् अक्षर हवं. प्राचीने भाषेच्या जागी, यादी न बघताच, मराठीच्या पोटात वऱ्हाडी असं लिहून दिलं होतं. एक लेबल अनोळखी निघालं की भांडार अख्खं पॅकेज परत पाठवतं.

“नुसतं मराठी ठेवते,” प्राची म्हणाली. “पाच मिनिटांचं काम आहे.”

“मंग वऱ्हाडी कुठी जाईन?”

“जाईल कुठे? आत सगळी तीच आहे. लेबल फक्त शोधायला असतं.”

“अन कोनी वऱ्हाडी म्हनून शोधलं तं?”

“तर नाही सापडणार.” प्राचीची बोटं चालूच होती. “पण कोण शोधणार आहे आई?”

जयमालाबाईंनी सूप जवळ ओढलं आणि पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या. प्राचीने ते लेबल निवडलं, पुसायची कळ दाबायला बोट नेलं, आणि थांबली. आपण आत्ता काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं.

पुण्यात पहिल्याच महिन्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये ती बोलता बोलता “मले नोको” म्हणाली होती. टेबलावरची चारही मुलं-मुली हसली. वाईट नव्हतं कोणी त्यात. एकीने तर प्रेमाने तिला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, मग दुसऱ्या टेबलावरच्यांना बोलावून आणखी एकदा. त्या दिवसापासून प्राची “मला नको” म्हणायला लागली. आईचा फोन आला की ती जागेवरून उठून जिन्यात जायची. हे तिने आईला कधी सांगितलं नव्हतं, पण जिन्यातल्या बोलण्याचा घुमणारा आवाज आईला पाच वर्षं ऐकू येतच असणार.

तिने लेबल तसंच ठेवलं. यादीत नवं नाव घालायचं असेल तर काय करतात, ते शोधलं. एक अर्ज होता. यादी सांभाळणारी काही माणसं होती, ती अर्ज वाचून ठरवायची. जेवणं झाल्यावर प्राची अर्ज भरायला बसली. दोन रकाने भरले आणि तिसऱ्यावर अडली.

“आई, इथे विचारलंय, जवळचं लेबल आधीच यादीत आहे, तर त्याने काय अडतं? उदाहरण द्या म्हणतात. मराठी म्हटलं तर काय बिघडतं, असा एखादा शब्द सांग ना तुझ्या वहीतला.”

जयमालाबाई दांडीवरचे कपडे काढून घडी करत होत्या. “पयल्या वहीचं पयलं पान काढ,” त्या म्हणाल्या.

प्राचीने वही आणली. टाइप करताना तिने सगळे शब्द अकारविल्हे लावले होते, त्यामुळे वहीत पहिला कोणता होता ते तिच्या लक्षात राहिलं नव्हतं. पहिल्या पानावर एकच नोंद होती. बाकी पान कोरं. डावीकडे लिहिलं होतं, ‘जीव घाबरणे’. उजवीकडे अर्थ नव्हता. फक्त एक नाव, अन्नपूर्णाबाई, आणि सोळा वर्षांपूर्वीची तारीख.

“हिच्यापासून सुरू केलं का तू?”

जयमालाबाईंनी घडी केलेला टॉवेल मांडीवर ठेवला, पुन्हा उलगडला, पुन्हा घडी केली. मग त्यांनी सांगितलं.

अन्नपूर्णाबाई अमडापूरच्या पुढे आपल्या शेतात भाजीपाला लावायच्या आणि बाजाराच्या दिवशी टोपली घेऊन अमडापूरला येऊन बसायच्या. पन्नाशीच्या, काटक, तोंडाने फटकळ. जयमालाबाई तेव्हा ज्या केंद्रावर होत्या तिथे त्या कधीमधी यायच्या, नातवाच्या लसीला, नाहीतर स्वतःच्या गुडघ्याला. त्या दिवशी त्या बाजार अर्धा टाकून आल्या. लसीकरणाचा दिवस होता, केंद्र लेकरांनी भरलेलं. डॉक्टर नवीन होते, लांबच्या शहरातून आलेले, नोकरीला लागून दोनच महिने झालेले.

“चांगला होता व पोरगा,” जयमालाबाई म्हणाल्या. “कोनाले तोडून बोले नाही. अन्नपूर्णाबाईले बसवलं, काय होते म्हने. ते म्हने, माया जीव घाबरते. तो म्हने, घाबरू नका. कशाची भीती वाटते? ते म्हने, नाही वो, जीव घाबरते. त्यानं बीपी पाह्यला. थोडा वर होता. पोटाच्या गोया देल्या, आराम करा म्हने. रजिस्टरमंधी लिवलं, भीती, झोप नाही.”

“आणि तू?”

“म्या तिकडं लेकरायले सुया देत होती. दोन हातावर.” त्यांनी अंतर दाखवायला भिंतीकडे हात केला. “म्या आयकलं. जीव घाबरते म्हंजे काय, हे मले मालूम नाही काय? छाती भरून येते, दम कोंडते, आंग थंड पडते, त्याले आपल्याइकडे जीव घाबरते म्हन्तेत. भीतीचं काई कामच नाही त्याच्यात. तिच्या कपायावर घाम होता. म्या पाह्यला. म्हनलं, हातातलं लेकरू झालं का सांगतो डॉक्टरले. त्या लेकराची माय रडत होती, तिले समजावलं. मान वर केली तं त्यानं पुढच्याले आवाज देला होता अन ते बाई दारातून गेली होती.”

बाहेर भांडीवाला ओरडत गेला.

“दिवस बुडायच्या वक्ती गेली ते,” जयमालाबाई म्हणाल्या. “दुसऱ्या दिवशी समजलं. डॉक्टर म्हने, सिस्टर, माझ्याकडून काय चुकलं? म्या काई नाही सांगतलं. काय सांगू? तुमाले भाषा नव्हती समजत, अन जिले समजत होती ते चूप राह्यली, असं सांगू?”

ते रजिस्टर त्यांनी नंतर अनेकदा उघडून पाहिलं होतं. त्यात तक्रारींचे बारा प्रकार छापलेले असत आणि तेरावा ‘इतर’. जीव घाबरण्याला त्यात जागा नव्हती. डॉक्टरांनी भीती तरी लिहिलं होतं, त्यांनी स्वतः वर्षानुवर्षं असे शब्द ‘इतर’मध्ये टाकले होते. त्या आठवड्यात त्यांनी चिखलीहून वही आणली. पहिल्या पानावर तो शब्द लिहिला, पण अर्थ लिहिता येईना. पान तसंच राहिलं. दुसऱ्या पानापासून त्या सगळं नीट लिहीत गेल्या.

प्राचीने लॅपटॉप मिटला. मग तासाभराने पुन्हा उघडला आणि अर्जात उदाहरण लिहिलं. कोणाचंही नाव न घालता, चार ओळींत. लिहिलेलं आईला मराठीत वाचून दाखवलं. जयमालाबाई म्हणाल्या, “हाव. एवढंच झालं होतं.”

उत्तर अकराव्या दिवशी आलं. एका परक्या देशातल्या बाईंनी लिहिलेलं होतं, आणि अगदी सभ्य होतं. तुमचं उदाहरण आम्ही सगळ्यांनी वाचलं, असं त्यात होतं. पण यादी फार वाढू नये म्हणून नवं लेबल तेव्हाच घेतलं जातं, जेव्हा ते लावणारी पुरेशी पॅकेजेस असतात. सध्या वऱ्हाडीची किती आहेत?

“एक,” प्राची म्हणाली. “काय सांगू त्यांना? एक आहे म्हणून?”

“हाय तं एकच. एकच सांग.”

“अगं पण यादीत नाव असल्याशिवाय दुसरा कोणी करेल कसा? त्याचंही असंच परत येईल. तोही मराठी लावेल आणि गप्प बसेल. मग मोजणार कोणाला?” प्राचीचा आवाज चढला होता. अकरा दिवसांपूर्वी पाच मिनिटांत लेबल पुसायला निघालेली हीच मुलगी होती. “मी नाही टाकत मराठी लावून. राहू दे तसंच. भांडू आपण.”

तेवढ्यात नागसेनचा फोन आला. प्राचीने तो आईलाही ऐकू जावा म्हणून मोठ्याने लावला. गाडी सोमवारी निघणार होती. पहिला आठवडा मोताळा तालुका, रोहिणखेड आणि आजूबाजूची गावं. डॉक्टर ठरली होती, प्रतीक्षा नावाची मुलगी, कोकणातली.

“लेबल काई बी लाव बाई,” नागसेन म्हणाला. “मले त्याच्याशी घेनंदेनं नाही. पॅकेज भेटलं पाह्यजे. ते डॉक्टर मले काल विचारे, कसर म्हणजे बचत का म्हने.”

फोन ठेवल्यावर जयमालाबाई म्हणाल्या, “मराठी लाव अन जाऊ दे.”

“आई, तूच म्हणत होतीस ना.”

“म्हनत होती. आता बी म्हनतो. तू त्या बाईले लिवत राह्य. आज एक हाय, पुढच्या वर्सी दोन होतीन. पन सोमवारी तिथं कोनाचा जीव घाबरला तं त्या पोरीले समजलं पाह्यजे. नाव बरोबर नाही म्हनून आनखी एकडाव चूप बसून राह्यची पाळी माह्यावर नोको आता.”

प्राचीने भाषेच्या जागी मराठी लावलं. वऱ्हाडी हा शब्द वर्णनाच्या पहिल्या ओळीत घातला, आणि शोधशब्दांच्या रकान्यातही. त्या रकान्याला यादी नव्हती, तिथे काहीही लिहिलेलं चालत होतं. सगळं तयार करून ती म्हणाली, “चढवू?”

“आज नोको. उद्या.”

“उद्या काय आहे?”

“अन्नपूर्णाबाईच्या घरी जाऊन येतो. तिचा पोरगा हाय, गोविंदा. तिचं बोलनं आपुन जगापुढं मांडून राह्यलो. त्याले विचारलं नाही, अन जे सांगाले पाह्यजे होतं तेही सांगतलं नाही. सोळा वर्सात त्या रस्त्यानं म्या किती डाव गेली, पन उतरली नाही.”

प्राचीने मान हलवली. मग तिने लेबलांच्या रांगेत आणखी एक घातलं, ‘खासगी’ने सुरू होणारं. जयमालाबाईंनी ते काय म्हणून विचारलं.

“हे मुद्दाम असतं. ‘खासगी’ने सुरू होणारं लेबल ते कधीच ओळखत नाहीत, तसा नियमच आहे. हे असलं की चुकून बटण दाबलं गेलं तरी पॅकेज परत येतं. तू सांगशील तेव्हा काढते.”

“हे बरं हाय,” जयमालाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खामगावच्या बसने अमडापूरला उतरल्या. तिथून पुढे पायी, डांबरी संपेपर्यंत आणि मग बैलगाडीच्या वाटेने. गोविंदा शेतातच भेटला. मेथीच्या वाफ्यांना पाणी देत होता, दिवसाची लाइट होती तोवर आटपायचं म्हणून घाईत. आता चाळिशीचा झाला होता. कानशिलावर केस पांढरे झाले होते. त्याने त्यांना लगेच ओळखलं.

“सिस्टर, तुमी? या न. काऊन तरास घेतला, फोन करता.”

“फोनवर सांगाची गोठ नाही, गोविंदा.”

त्याने फावडं खाली ठेवलं नाही, पण हात थांबवले. जयमालाबाई बांधावर उभ्या राहिल्या. वाटेत त्यांनी मनाशी बरंच जुळवून ठेवलं होतं, त्यातलं काहीच आठवेना. मग त्यांनी सरळ सांगितलं. त्या दिवशी अन्नपूर्णाबाई काय म्हणाल्या, डॉक्टरांना काय समजलं, आपल्याला काय समजलं होतं, आणि आपण किती लांब उभ्या होतो.

गोविंदाने मध्ये एकदाही विचारलं नाही. पाणी एका वाफ्यात भरून बांधावरून सांडायला लागलं, तेव्हा त्याने वाकून माती ओढली, पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं आणि पुन्हा सरळ झाला.

“तुमाले समजलं होतं,” तो म्हणाला.

“हाव.”

“सोळा वर्सं झाले, सिस्टर.”

“हाव.”

तो बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग येऊन गेला, तो जयमालाबाईंना दिसला, आणि त्या तिथून हलल्या नाहीत.

“त्या दिवशी टोपली म्या न्याची होती,” गोविंदा म्हणाला. “बाजाराले मीच नेत जाओ. त्या दिवशी मले वावरात वखराचं होतं. म्हनलं, आज तूच ने. भरेल टोपली घेऊन ते चालत गेली. म्या आतापरयंत धरून चाललो का त्या वझ्यानं गेली. बायकोलेही नाही सांगतलं.” त्याने फावड्याचा दांडा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. “मंग ते सकाऊनच सुरू झालं असन काय? दवाखान्यात आली तवा?”

“टोपलीच्या वझ्यानं असं होत नाही, गोविंदा. ते दुखनं आधीचं होतं. अन तवा तिले बुलढान्याले पाठवलं असतं, तं कदाचित…” त्या थांबल्या. “कदाचित. नक्की नाही सांगत म्या.”

“नोका सांगू.”

मोटरचा आवाज विहिरीकडून एकसारखा येत होता. गोविंदाच म्हणाला, “मंग आज काऊन आल्या?”

त्यांनी वह्यांचं सांगितलं, प्राचीचं, सोमवारी निघणाऱ्या गाडीचं. प्रत्येक शब्दापुढे लोकांचं एकेक बोललेलं वाक्य ठेवलंय, अन्नपूर्णाबाईंचंही ठेवायचं आहे, नाव न लिहिता. ठेवू का, एवढंच विचारायला आले, असं म्हणाल्या. पर्समधून कागद काढून त्यांनी वाचलं: माया जीव घाबरते.

गोविंदाने मान हलवली. “एवढंच नाही म्हने ते.”

“दवाखान्यात एवढंच म्हनली.”

“घरी आल्यावर. खाटीवर बसली अन म्हने, डॉक्टर म्हन्ते घाबरू नोको. म्या म्हनलं, मंग काऊन घाबरतं? तं माह्यावर चिल्लावली. म्हने, मी कुठी घाबरली रे? मी नाही घाबरली. जीव घाबरते माया.” तो क्षणभर थांबला. “चार डाव म्हनली हे. मी नाही घाबरली. मले बी तवा नाही समजलं, सिस्टर. मी तं वऱ्हाडीच हाओ.”

जयमालाबाईंनी बांधावरच बसून घेतलं. पर्समधला पेन काढला आणि कागद गुडघ्यावर धरून गोविंदा सांगेल तसं लिहिलं. लिहून झाल्यावर त्याला दाखवलं. त्याने ओले हात पँटला पुसले, कागद घेतला आणि ओठ हलवत वाचला.

“हाव. अशीच बोले,” तो म्हणाला. मग कागद परत देताना विचारलं, “अन नाव काऊन नाही लिवत?”

“दुखनेकऱ्याचं नाव नाही लिवत कोनाचंच. नेम हाय तो.”

“दुसऱ्यायचं राहू द्या. तिचं लिवा. बोलनं तिचं हाय न.”

जयमालाबाईंनी तिथूनच प्राचीला फोन लावला. प्राचीने नवं वाक्य उतरवून घेतलं. एकदा म्हणून दाखवलं, आणि तिच्या तोंडून ते पुणेरी वळणाने निघालं. जयमालाबाई काही बोलायच्या आत ती म्हणाली, “थांब,” आणि पुन्हा म्हणाली, “मी नाही घाबरली. जीव घाबरते माया.” या वेळी ते बरोबर आलं.

नावाचं सांगितल्यावर ती थोडी थबकली. “आपण कोणाचंच नाव ठेवलं नाही, आई. घरच्यांनी नंतर नाही म्हटलं तर चढवलेलं पुसता येत नाही सहज.”

फोनचा आवाज मोठा होता. गोविंदाने ते ऐकलं. “पुसू नोका म्हना,” तो म्हणाला.

प्राचीने विचारलं, नुसतं नाव की आणखी काही. जयमालाबाईंनी गोविंदाकडे पाहिलं. त्याने जरा विचार केला आणि सांगितलं, “अन्नपूर्णाबाई. अमडापूरच्या बाजारात भाजी इकत होती.”

पलीकडे कळा दाबल्याचा आवाज आला. “ते खासगीवालं लेबल काढून राह्यली,” प्राची म्हणाली. नंतर काही क्षण काहीच ऐकू आलं नाही. जयमालाबाई फोन कानाशी घट्ट धरून बसल्या होत्या.

“घेतलं त्यायनं,” प्राची म्हणाली. “गेलं, आई.”

जयमालाबाईंनी फोन पर्समध्ये ठेवला.

“झालं?” गोविंदाने विचारलं.

“झालं.”

“कोन पाहीन ते?”

“सोमवारी रोहिनखेडाइकडे गाडी जाते. त्याच्यात एक पोरगी हाय, डॉक्टर. ते पाहीन पयले.”

गोविंदाने मान हलवली. वाफा भरत आला होता. त्याने फावड्याने बांध फोडला, पाणी पुढच्या रांगेत वळलं आणि कोरड्या मातीत शिरताना तिचा रंग गडद होत गेला. जयमालाबाई उठायला लागल्या, तेव्हा त्याने मान न वळवताच म्हटलं, “बसा, सिस्टर. एवढ्या दोन रांगा होऊ द्या. मंग घरी जाऊ, चहा घेऊ.”

त्या पुन्हा बसल्या. चपला काढून बाजूला ठेवल्या आणि पाय मोकळे केले.